सोडियम ११८

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आजी मला ‘दादा’ म्हणू लागली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याला जाऊन तीसएक वर्षं झाली. दवाखान्याच्या खाटेवर पाय पसरून बसलेली आजी माझा हात धरून विचारत होती, “दादा, गाईची धार काढलीस का रे?” आवाज ठणठणीत, डोळे उघडे, पण ती आमच्या जगात नव्हती. घरचे सगळे धास्तावले. लकवा असेल का? विस्मरणाचा आजार असा एका रात्रीत येतो का?

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. तरुण डॉक्टर म्हणाली, “सोडियम ११८ आहे. १३५ ते १४५च्या मध्ये असायला हवं. आजींचं वय ८१, रक्तदाबाच्या गोळीतलं औषध लघवीवाटे मीठ बाहेर काढतं, त्यात हा उन्हाळा.” दोन दिवस आजी जेमतेम जेवली होती आणि आम्ही मात्र तिच्यामागे ‘पाणी पी, पाणी पी’ असा धोशा लावला होता. रक्त पातळ होत गेलं होतं.

मामा म्हणाले, “मीठच कमी आहे ना? मग द्या की लगेच.”

“देतेय काका, पण दिवसाला आठाच्या वर चढू द्यायचं नाही. घाई केली तर मेंदूला कायमची इजा होईल.”

तीन टक्क्यांचं सलाईन पंपावर लावलं. थेंब इतके सावकाश पडत होते, की मधूनमधून पंप बंद पडलाय असं वाटे. दर सहा तासांनी रक्त घ्यायला कुणीतरी येई. त्या रात्री खाटेशेजारच्या स्टुलावर बसून माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. कमी असलेली वस्तू भरून काढायची, तर त्यात एवढी भीती कसली? उत्तर शोधता शोधता मी आयन चॅनेलपर्यंत पोचलो आणि मग त्या विषयानं मला सोडलं नाही.

आधी पाण्याचं बघू. रक्त पातळ झालं, की पाणी जिथे क्षार जास्त आहेत तिकडे, म्हणजे पेशींच्या आत, शिरू लागतं. हाताची, पायाची पेशी थोडी फुगली तर फारसं बिघडत नाही. मेंदू मात्र कवटीत बंद आहे आणि कवटी ताणत नाही. मेंदूपेशी फुगत राहिल्या तर मेंदू स्वतःच्याच दाबाखाली चिरडेल. मॅरेथॉन धावताना भसाभसा पाणी पिणाऱ्या एखाद्याचं सोडियम काही तासांत उतरतं, तेव्हा नेमकं हेच होतं. त्याला झटके येतात, प्रसंगी तो दगावतो. मग सोडियम ११८वर येऊनही माझी आजी धारेची चौकशी करत बसू शकली ती कशी?

तिचं सोडियम दिवसादिवसानं उतरलं होतं आणि तेवढ्या वेळात तिच्या मेंदूपेशींनी आपली घडी बदलली होती. पेशी फुगली, की तिच्या पटलातली काही दारं आपोआप उघडतात. त्यांतून क्लोराईड बाहेर पडतं, शेजारच्या दुसऱ्या दारांतून पोटॅशियम पडतं आणि क्षारांच्या मागोमाग पाणी जातं. हे काही तासांत होतं. पुढच्या एक-दोन दिवसांत टॉरिन, ग्लुटामेट, इनोसिटॉल अशी आतली सेंद्रिय सामग्रीही पेशी बाहेर टाकते. बुडत्या नावेतून नावाडी ओझं फेकतो, तसं. पेशीचा आकार पुन्हा जवळजवळ मूळपदावर येतो. आजीचं भ्रमिष्ट बोलणं ही त्या फेकाफेकीची किंमत होती आणि ती जिवंत होती ती त्या फेकाफेकीमुळेच.

आता डॉक्टरच्या सावकाशीचा अर्थ लागतो. सामान टाकून बसलेल्या पेशींभोवती एकदम खारट रक्त आणलं, तर पाणी उलट दिशेनं, पेशीतून बाहेर, धावेल. टाकलेलं सामान परत जमवायला पेशीला दिवस लागतात. तोवर ती आक्रसते आणि त्या धक्क्यात सर्वांत आधी मरतात त्या चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या आणि चेतापेशींची निगा राखणाऱ्या पेशी. रेमंड अॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली अमेरिकेत या इजेचं पहिलं वर्णन केलं. मेंदूच्या देठातलं आवरण उतरलेलं त्यांना दिसलं. सोडियम भराभर चढवणं हे तिचं एक कारण आहे, ही गोष्ट पुढे काही वर्षांनी उलगडली. तो दिवसाला आठाचा नियम तिथून आलाय.

फुगलेली पेशी क्लोराईड बाहेर सोडते हे १९८०च्या दशकापासून माहीत होतं. दार मात्र सापडत नव्हतं. ते सापडलं २०१४ साली, एकाच सुमारास दोन ठिकाणी : बर्लिनमध्ये थॉमस येंच यांच्या गटाला आणि कॅलिफोर्नियात आर्डेम पॅटापूटियन यांच्या गटाला. शोधायची युक्ती मला फार देखणी वाटते. पेशींमध्ये चमकणारं एक प्रथिन घातलं. ते आयोडाईड लागलं की विझतं. मग पेशी फुगवायच्या आणि बाहेर आयोडाईड ठेवायचं. दार उघडलं, आयोडाईड आत शिरलं, चमक गेली. आता तबकडीतल्या प्रत्येक खाचेतल्या पेशींत एकेक वेगळं जनुक गप्प करत जायचं, करता करता माणसाची बहुतेक सगळी जनुकं. हजारो खाचांमध्ये हळूहळू अंधार होतो आणि एखादीच खाच चमकत राहते. तिथलं दार उघडलंच नाही, म्हणजे गप्प केलेलं जनुक दाराचंच. पॅटापूटियन यांच्या गटानं त्याला ‘स्वेल-१’ असं नाव दिलं. याच पॅटापूटियन यांना पुढे २०२१ साली स्पर्श आणि दाब ओळखणाऱ्या चॅनेलसाठी नोबेल मिळालं.

इथवर मी नुसतं ‘दार, दार’ म्हणत आलो. ते दार असतं कसं? पेशीचं पटल हा चरबीचा पापुद्रा, जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचा. विद्युतभार असलेला कण, म्हणजे आयन, चरबीतून पार होत नाही. त्यासाठी पापुद्र्यात प्रथिनांच्या नळ्या रोवलेल्या असतात. हेच आयन चॅनेल. चेतापेशीबाहेर सोडियम भरपूर आणि पोटॅशियम थोडं, आत याच्या उलट. या फरकामुळे पटलाच्या आतबाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचं अंतर राहतं. आकडा किरकोळ वाटतो, पण पापुद्रा इतका पातळ आहे, की हिशेब मीटरमागे सुमारे १.४ कोटी व्होल्टचा होतो. अशा ताणाखाली ती पेशी जन्मभर उभी असते.

सगळ्यात विलक्षण दार पोटॅशियमचं. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी तो या दारातून जात नाही. मोठा जातो, लहान अडतो, हे कोडं कित्येक वर्षं सुटत नव्हतं. वैद्यकी शिकलेले रॉडरिक मॅकिनन स्फटिकशास्त्राकडे वळले आणि त्यांनी १९९८ साली मातीतल्या एका जिवाणूचं पोटॅशियम चॅनेल अणू-अणूनं समोर मांडलं. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं वेष्टन असतं. देवळात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात, तसं या दारातून जायचं तर ते वेष्टन बाहेर ठेवावं लागतं. दाराच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू असे बसवलेले आहेत, की पोटॅशियमला पाण्याची उणीव भासत नाही. चिमुकल्या सोडियमचे हात मात्र त्या ऑक्सिजनपर्यंत पोचत नाहीत, म्हणून तो वेष्टन सोडायलाच राजी होत नाही. एवढी काटेकोर निवड, आणि तरी सेकंदाला दहा कोटींच्या घरात आयन पार होतात. मॅकिनन यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते त्यांनी पीटर आग्रे यांच्यासोबत वाटून घेतलं. आग्रे यांचा शोध पाण्याच्या दाराचा. आजीच्या डोक्यात त्या रात्री जी दोन दारं राबत होती, पाण्याचं आणि पोटॅशियमचं, त्यांना एकाच वर्षी एकाच व्यासपीठावर मान मिळाला होता.

दारं आहेत म्हणजे गळतीही आहे. ती उपसायला पंप लागतो. दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि त्यासाठी एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्च. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ साली खेकड्याच्या चेतातंतूंमध्ये हा पंप ओळखला. त्याचं नोबेल १९९७ साली, चाळीस वर्षांनी मिळालं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि खर्च वीस टक्के. त्या खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा हे उपसणं खातं. मेंदूत इंधनाचा साठा जवळजवळ नसतोच. आलं तसं खर्च, हातावर पोट.

म्हणूनच रक्ताची गुठळी मेंदूच्या धमनीत अडकली, की पुढचं सगळं मिनिटांच्या हिशेबात घडतं. एटीपी संपतं, पंप थांबतो, पोटॅशियम बाहेर साचतं, सोडियम आत घुसतं, ७० मिलिव्होल्टचं अंतर कोसळतं. कोसळताना पेशी आपल्याजवळचं ग्लुटामेट शेजारणींवर ओतते. ग्लुटामेट हा एरवी मेंदूचा निरोप्या, पण अतिरेक झाला की तो मारेकरी होतो. त्यानं एनएमडीए नावाची दारं उघडतात. या दारात एरवी मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. व्होल्टेज पडलं की बूच निघतं आणि कॅल्शियम आत येतं. बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट, त्यामुळे ते लोंढ्यानं येतं. आत आलेलं कॅल्शियम पेशीची प्रथिनं कुरतडणारी विकरं जागी करतं. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबानुसार मोठी धमनी तुंबून झालेल्या पक्षाघातात उपचाराविना मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात. ‘तोंड वाकडं झालंय, सकाळी बघू’ म्हणणाऱ्या घरांसाठी हा आकडा मुद्दाम लिहितो आहे.

पेशी या काळात हातावर हात ठेवून बसत नाही. तिच्याकडे एक दार असं आहे, जे इंधनाचा काटा वाचतं. जपानच्या अकिनोरी नोमा यांना ते १९८३ साली हृदयाच्या पेशींत सापडलं. एटीपी भरपूर असेल तोवर हे पोटॅशियमचं दार मिटलेलं. एटीपी घटलं, की ते उघडतं, पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी आतून अधिक ऋण, म्हणजे अधिक शांत होते. निरोप पाठवणं थांबतं, तसा खर्चही उतरतो. २००१ साली जपानी शास्त्रज्ञांनी हे दार नसलेले उंदीर घेतले आणि त्यांचा ऑक्सिजन थोडा वेळ कमी केला. त्या उंदरांना सर्वांगाचे झटके आले. दार शाबूत असलेल्या उंदरांनी तोच काळ निभावून नेला.

हेच दार आपल्या स्वादुपिंडात आहे आणि महाराष्ट्रातल्या लाखो घरांतल्या औषधाच्या डब्यात त्याची किल्ली आहे. मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाईड किंवा ग्लिमेपिराईड या गोळ्या स्वादुपिंडातलं हे दार मिटवतात. ते मिटलं, की इन्सुलिन स्रवतं. (हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच करू नये.) इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटानं २००४ साली दाखवलं, की जन्मल्यापासून काही महिन्यांतच मधुमेह जडलेल्या कित्येक बाळांमध्ये या दाराच्या जनुकातच बिघाड असतो. दार मिटतच नाही. काही मुलांची वाढही मागे पडते, झटके येतात, कारण तेच दार मेंदूतही उघडं राहतं. जपायला असलेलं दार सतत उघडं राहिलं तर पोर असं खचतं. २००६ साली या गटानं इन्सुलिनऐवजी त्या जुन्या, स्वस्त गोळ्या देऊन पाहिल्या. ४९ पैकी ४४ जणांची इन्सुलिनची सुई सुटली. विज्ञानातल्या ज्या बातम्या वाचून मला उठून फेऱ्या माराव्याशा वाटल्या, त्यांतली ही एक.

गप्प बसून जगण्यात मात्र उत्तर अमेरिकेतल्या एका कासवाचा हात कुणी धरू शकत नाही. पाठीच्या कडेला तांबडी नक्षी असलेलं हे रंगीत कासव हिवाळ्यात बर्फानं झाकलेल्या तळ्याच्या तळाशी जाऊन बसतं. पाणी तीनएक अंश सेल्सिअस आणि ऑक्सिजन जवळपास शून्य. तशा अवस्थेत ते तीन-चार महिने काढतं. मिनिटाला हृदयाचा एक ठोकाही पडत नाही. ऑक्सिजनविना इंधन जाळल्यानं साचणारं लॅक्टिक आम्ल त्याची पाठ झेलते. कवचातले कार्बोनेट विरघळून ते आम्ल मारतात. डोनाल्ड जॅक्सन यांनी हे उलगडण्यात आयुष्य घातलं.

आणि मेंदू? कॅनडाचे पीटर होचाच्का यांनी १९८६ साली कल्पना मांडली, की अशा प्राण्यांचा खरा बचाव दारं मिटण्यात असावा. गळती थांबवली तर उपसायला कमी लागेल, उपसा कमी तर इंधनही कमी. पुढे कासवाच्या मेंदूचे काप तपासताना याची चिन्हं दिसत गेली. ऑक्सिजन तुटला, की त्याची सोडियमची दारं घटतात, एनएमडीएतून येणारा प्रवाह उतरतो आणि चेतापेशींना शांत करणारं गाबा हे रसायन वाढतं. आपल्या पेशीत कॅल्शियमचा लोंढा घुसतो त्याच प्रसंगी कासवाच्या पेशीनं दारं लावून घेतलेली असतात. आपला मेंदू अंधारात पडला, की ओरडतो आणि त्या ओरडण्यातच संपतो. कासवाचा मेंदू आधी गप्प होतो. वसंतात बर्फ वितळलं, की ते वर येतं, श्वास घेतं आणि उन्हात जाऊन बसतं.

मग आपणही औषधानं दारं मिटवावीत, हा विचार साहजिक होता. एनएमडीए बंद करणारी औषधं प्रयोगशाळेत उंदरांचे मेंदू वाचवत होती. पक्षाघाताच्या रुग्णांवर ती एकामागून एक फसली. कुणाला भास झाले, कुणाचा रक्तदाब हलला, जीव मात्र वाचले नाहीत. १९९९ साली आणखी धक्का बसला. उंदरांच्या सात दिवसांच्या पिल्लांमध्ये हे दार काही तास अडवलं तर चेतापेशी ठीकठाक जगण्याऐवजी मोठ्या संख्येनं मेल्या. २००२ साली हार्डिंगहॅम आणि बाडिंग यांनी त्यावर उजेड टाकला. दोन पेशींच्या जोडावरचं एनएमडीए दार उघडलं, की पेशीला जगण्याचा निरोप जातो. तेच दार जोडाबाहेरच्या पटलावर उघडलं, तर मरणाचा. दार एकच, जागा वेगळी. सरसकट कुलूप घालणारं औषध जगण्याचा निरोपही बंद करत होतं.

पोटॅशियमचंही असंच. फुगलेल्या आणि उपाशी पेशीला तारणारी ती बाहेर जाण्याची वाट फार वेळ उघडी राहिली, तर आतलं पोटॅशियम घटून पेशी आत्मनाशाच्या मार्गाला लागते, हे १९९७ सालापासून ठाऊक आहे. माझ्या मते या साऱ्या विषयाचं मर्म इथे आहे. चांगलं दार, वाईट दार असा भेद नाही. कुठलं दार, कुठे, केव्हा आणि किती वेळ, एवढ्यावर पेशीचं जगणं तोललेलं आहे.

ज्या औषधांनी हा तोल सांभाळला, ती टिकली. अल्झायमरमध्ये देतात ते मेमांटिन एनएमडीएच्या उघड्या दारात शिरतं आणि लवकर बाहेरही पडतं, त्यामुळे नेहमीचे निरोप फारसे अडत नाहीत. त्याचा गुण माफक आहे, पण रुग्णाला ते सोसतं. मेंदूच्या पडद्याखाली रक्तस्राव झालेल्या रुग्णांना निमोडिपिन हे कॅल्शियमची दारं रोखणारं औषध दर चार तासांनी, २१ दिवस देतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड विद्यापीठात ग्लेन किंग यांचा गट एका विषारी कोळ्याच्या मागे आहे. मेंदूला रक्त तुटलं, की तिथे आम्ल साचतं आणि आम्लानं उघडणारी दारंही पेशी मारतात. त्या कोळ्याच्या विषातलं एक प्रथिन ही दारं रोखतं. २०१७ साली छापलेल्या त्यांच्या प्रयोगात पक्षाघातानंतर आठ तासांनी दिलं तरी उंदरांच्या मेंदूची हानी कमी झाली. उंदरात तरलेली कित्येक औषधं माणसात बुडालेली आहेत, हे वर आलंच आहे, त्यामुळे मी वाट पाहतो आहे.

दुसऱ्या दिवशी आजीचं सोडियम १२४ झालं, तिसऱ्या दिवशी १२९. डॉक्टरनं ती रक्तदाबाची गोळी बदलली, पाणी मोजून द्यायला सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी आकडा १३३ होता. आजी उठून बसली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि मला माझ्या नावानं हाक मारली. चहा मागितला. दोन घोट घेतले, मग कप खाली ठेवून दाराकडे बघत म्हणाली, “काल दादा येऊन गेला का रे?”